चौसष्टचे खण

१

दिवाळीच्या आधी जे वादळ झालं, त्यात मुसा होडेकरची बोट गेली. मुसा बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान होता, बरोबर चार खलाशी. दोन फळ्या, जाळ्याचे काही तरंगते बोये आणि डिझेलचा एक कॅन रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या पुळणीला लागला. माणसं लागली नाहीत.

जानेवारीत मुसाची थोरली बहीण सकिना मारुती मंदिराजवळच्या राहीच्या दुकानात आली. राही बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून गेलेला डेटा काढून द्यायची. लोक लग्नाचे फोटो, पतसंस्थांचे हिशेब, एखाद्याचा प्रबंध असं काही घेऊन येत. सकिनाच्या हातात काहीच नव्हतं.

"गेलेला आवाज परत मिळतो का?" तिने विचारलं.

"कोणाचा?"

"भावाचा."

सकिना उर्दू शाळेत गणित शिकवायची. आई गेल्यावर मुसाला तिनेच वाढवलं होतं. तिने गणित सोडवून दाखवावं तसं सगळं सांगितलं. बंदरावर मच्छीमार संस्थेचं वायरलेस केंद्र आहे. समुद्रातल्या बोटी अडचणीत आल्या की त्या केंद्राला हाक मारतात. केंद्रावरचा माणूस ती ऐकतो आणि जवळच्या बोटींना, तटरक्षक दलाला कळवतो. सेटवर जे जे बोललं जातं ते आपोआप सर्व्हरवर रेकॉर्ड होतं. त्या संध्याकाळी हर्णेचा अक्रम तांडेल आपल्या बोटीवर होता. त्याच्या सेटवर मुसाचा आवाज आला. तुटक होता, पण मुसाचाच होता. 'रत्नागिरी, रत्नागिरी' अशी तो केंद्राला हाक मारत होता. केंद्राचं उत्तर अक्रमने ऐकलं नाही. थोड्या वेळाने त्याचाच अँटेना वाऱ्याने मोडला.

"केंद्रवाले म्हणतात, हाक आलीच नाही. मी म्हटलं, रेकॉर्डिंग ऐकवा. म्हणाले, त्या संध्याकाळी सर्व्हर बंद पडला होता. मी रोज जाऊन बसायला लागले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, आणा तुमचा माणूस आणि तपासा डिस्क. काही निघणार नाही याची त्यांना खात्री आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला फक्त तो काय बोलला ते ऐकायचंय. मय्यत मिळाली नाही आम्हाला. दुसरं काय मागू?"

राहीने दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर बंदरावर गेली.

२

संस्थेचे अध्यक्ष आप्पा भाटकर जाड भिंगांच्या चष्म्यातून दोघींकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हता. पाच माणसं गेल्यापासून तो नीट जेवत नव्हता असं बंदरावर सगळेच सांगत.

"लाइट गेली. सर्व्हर बॅटरीवर वाईच चालला न् बंद पडला. नाय झाली रेकॉर्डिंग, आता काय करू पोरी?"

"बंद पडलेला तुम्ही बघितलात?"

"मी कशाला बघू? मला त्यातलं काय कळतं? गुरुप्रसाद सर बघतात आमचं सगळं. फुकट बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, आप्पा, कालची संध्याकाळ रेकॉर्ड झालेली नाय."

गुरुप्रसाद नाचणकर सर! त्यांचं नाव ऐकून राहीला बरं वाटलं. रत्नागिरीत कॉम्प्युटरचा क्लास त्यांनीच पहिल्यांदा काढला होता. राही तिथेच शिकली. बाप नसलेल्या मुलीला फी न घेता शिकवणारा तो माणूस होता.

त्या संध्याकाळी सेटवर ड्युटीला होती सरांचीच मुलगी, दर्शना. राही आणि ती क्लासमध्ये एका बाकावर बसायच्या. आता दर्शनाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि बोलताना ती सकिनाकडे बघत नव्हती.

"मी एकटीच होते," ती म्हणाली. "दोन माणसं असायला हवीत, पण एकच ठेवतात. लाइट गेली तशी मी मागे जनरेटर सुरू करायला गेले. तो सुरूच होईना. फोनवर विचारत विचारत करत होते. वारा एवढा की कान फुटत होते. मधे एकदा मला वाटलं, आत सेट वाजतोय."

"मग?"

"आत आले तेव्हा काही नव्हतं. शांत होतं सगळं." दर्शनाने ओठ दाबले. "राही, मी वेडी झाले असते गं. पण बाबांनी नंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. म्हणाले, कोणाचीही हाक नव्हती. तुला भास झाला. तेवढ्यावर मी उभी आहे."

सकिना खिडकीशी उभी राहून जेटीकडे बघत होती. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

राही आतल्या खोलीत सर्व्हरपुढे बसली. रेकॉर्डिंगची डिस्क वेगळी होती. त्या संध्याकाळची फाइल नव्हती, आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या होत्या. तारखा जिथल्या तिथे. डिस्क फॉरमॅट झाल्याची तारीखही दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे ती बसवली त्याच दिवसाची. विंडोजच्या नोंदी इतक्या जुन्या दिवसापर्यंत उरलेल्या नव्हत्या. डिस्कची आखणीही छान होती. मोठ्या आवाजाच्या फाइलींना शोभतील असे चौसष्ट केबीचे खण पाडलेले होते. कोणी तरी समजून काम केलंय असं राहीच्या मनात आलं आणि ती पुढे गेली.

मग तिने डिस्कची रिकामी जागा वाचायला घेतली.

फाइल पुसली म्हणून ती लगेच जात नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते, फक्त यादीतून नाव गेलेलं असतं. या केंद्रात सहा महिन्यांहून जुनी रेकॉर्डिंगं दर महिन्याला काढून टाकत; वादळानंतर मात्र काहीच काढलं नव्हतं. म्हणजे रिकाम्या जागेत जुन्या आवाजांचे तुकडे भरपूर सापडायला हवे होते.

तिथे शून्यं होती. शेवटपर्यंत नुसती शून्यं.

दोन वर्षं वापरलेली डिस्क इतकी स्वच्छ नसते. कोणी तरी सगळ्या फाइली बाहेर काढून ठेवल्या होत्या, डिस्क पूर्ण फॉरमॅट करून घासून पुसली होती, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेऊन जुनी तारीख उठवली होती, आणि फाइली तारखांसकट परत ठेवल्या होत्या. एक सोडून.

"काय झालं?" सकिनाने दारातून विचारलं.

राहीला तिच्याकडे वळून बघवेना. "आवाज होता," ती म्हणाली. "म्हणूनच पुसलाय. आणि आता तो कोणालाही परत मिळणार नाही."

३

सकिना रडली नाही. परत येताना रिक्षात ती एकदाच बोलली, "कोणी?"

राहीलाही तेच हवं होतं. आवाज देता येत नव्हता, निदान नाव तरी द्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याचा पूल ओलांडून ती पावसला सरांच्या घरी गेली. अडलेल्या गणितासाठी तिथेच जायचं, ही जुनी सवय होती.

सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मागे आंब्याची कलमं मोहोराने भरली होती. सर मात्र इतके वाळले होते की राही क्षणभर फाटकातच थांबली.

"ये गो. किती दिवसांनी!"

तिने शून्यांची हकीकत सांगितली. सरांनी मान खाली घालून ऐकलं.

"म्हणजे कोणी तरी पुसलं," ते म्हणाले.

"हो सर. आणि जाणकाराने. आप्पांना हे जमणार नाही."

"आप्पाला मोबाइलचा आवाज वाढवता येत नाही." सर हसल्यासारखे झाले. "डिस्क त्या संदेशने बसवली होती, देवरूखच्या. सर्व्हरची चावी त्याच्याकडेही असते. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा काही घोळ निघाला असता तर काम गेलं असतं त्याचं. पण मी कोणाचं नाव घेत नाही. पोरगा नुसतं पुढे, पुढे दाबत जातो, समजून काही करत नाही. वाईट नाही तो."

"दर्शनाला फार त्रास होतोय, सर."

"होतोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. "झोपत नाही ती. राही, त्या बाईला आवाज मिळणार नाही म्हणतेस. मग आता हे उकरून काय हाती लागणार?"

"तिने विचारलंय, सर. कोणी, म्हणून."

राही निघाली तेव्हा सर फाटकापर्यंत आले आणि लहानपणी ठेवत तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो लवकर उचलला नाही. माया, असं तिला वाटलं.

४

देवरूखच्या बाजारपेठेत संदेशचं दुकान होतं. त्याच दुपारी राहीने तिथे जाऊन विषय काढताच तो तडकला.

"माझ्यावर कशाला येताय? मी डिस्क बसवली आणि सहीशिक्का घेऊन आलो. वादळाच्या दिवशी मी इथे होतो, वादळानंतरही मला कोणी बोलावलं नाही. सर असताना मला विचारतंय कोण?"

"चावी असते ना तुमच्याकडे?"

"असते. म्हणून काय पाच माणसांची हाक पुसू? माझा चुलता खलाशी होता, बाई. बोटीवरच गेला."

तो खरं बोलतोय असं वाटत होतं. पण वाटण्यावर राहीला थांबायचं नव्हतं. "डिस्क बसवली त्या दिवसाचं काही आहे?"

"फोटो आहेत. प्रत्येक कामाचे काढतो. मागाहून गिऱ्हाईक म्हणतं, हे केलंच नाही." त्याने मोबाइल पुढे केला. सर्व्हरचा फोटो, वायरींचा, मग स्क्रीनचा. डिस्क फॉरमॅट करतानाची खिडकी. राहीने तो मोठा केला.

"इथे खणांचा आकार तुम्ही बदलला नाहीत?"

"कसले खण?"

"अ‍ॅलोकेशन युनिट साइझ. ही ओळ."

"ते डीफॉल्टच ठेवतो मी. कशाला हात लावा? काय असतं ते नक्की?"

राहीने फोटोकडे पुन्हा बघितलं. संदेशने काहीही निवडलेलं नव्हतं. त्या आकाराच्या डिस्कला विंडोज आपण होऊन देतं ते चार केबीचे खण. चार.

काल तिने बघितलेली डिस्क चौसष्टची होती.

५

संध्याकाळी दुकानात सकिना आली तेव्हा राहीने तिला समोर बसवून समजावून सांगितलं. सांगताना तिची स्वतःचीही जुळवाजुळव होत होती.

"डिस्क वापरण्याआधी तिचे सारखे खण पाडावे लागतात. फळीवर खोकी मांडावीत तसे. फाइल कितीही लहान असो, तिला एक अख्खा खण जातो. लहान फाइली खूप असल्या तर खण लहान हवेत, नाही तर जागा फुकट जाते. मोठ्या फाइली असल्या, आवाजाच्या, व्हिडिओच्या, तर मोठे खण बरे. फाइलीचे तुकडे कमी होतात. आणि एकदा पाडलेले खण डिस्क न पुसता सहसा कोणी बदलत नाही."

"संदेशने चारचे पाडले होते," सकिना म्हणाली. "आता चौसष्टचे आहेत. म्हणजे नंतर पुसणारा दुसरा."

"हो. संदेशने पुसलं असतं तर पुन्हा चारच झाले असते. त्याला ती ओळ कसली तेच माहीत नाही. ज्याने पुसलं त्याने तारीख सांभाळली, घड्याळ सांभाळलं, सगळं होतं तसं ठेवलं. पण ही ओळ समोर आल्यावर त्याचा हात सवयीने चौसष्टवर गेला. संदेशने चूक ठेवली असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मला काल ते खटकलं नाही, कारण मीही तेच केलं असतं."

"तुम्ही कुठे शिकलात हे?"

"सरांकडे," राही म्हणाली. तिला क्लासची खोली आठवत होती. फळ्यावर दोन कपाटं काढलेली, एक बारीक कप्प्यांचं, एक मोठ्या. एक माणूस बोटं पांढरी होईपर्यंत समजावत होता की आधी बघा काय ठेवायचंय, मग खण पाडा.

"दर्शनालाही हे येतं?" सकिनाने विचारलं.

"येतं."

"तिने नाही केलं." सकिनाचा आवाज सपाट होता. "ती काल म्हणाली, बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. स्वतः पुसलं असतं तर असं म्हणाली नसती. आणि अध्यक्ष म्हणतात, सरांनी सांगितलं की रेकॉर्डिंग झालंच नाही. झालंच नव्हतं, तर सरांनी ऐकलं काय?"

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. राहीने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. हे तिलाही देवरूखहून येताना एसटीत उमगलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत ते खरं झालेलं नव्हतं.

जगाला सांगायला 'रेकॉर्डिंग नाही' एवढं पुरे होतं. मुलीला ते पुरलं नसतं. तिला 'कदाचित' घेऊन जगावं लागलं असतं. म्हणून बापाने तिच्यासाठी वेगळं खोटं रचलं, जास्त पक्कं. आणि दोन खोटी एकमेकांना भेटणार नाहीत असं धरून चालला.

"उद्या चला," सकिना म्हणाली. "तुम्ही यायलाच हवं असं नाही."

"येते मी," राही म्हणाली.

६

दर्शना ड्युटीवर गेली होती. सरांनी दोघींना एकत्र फाटकातून येताना बघितलं आणि ते ओटीवरच्या खुर्चीतून उठले नाहीत.

राहीने फक्त एवढंच म्हटलं, "सर, संदेशने चारचे पाडले होते."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले.

"डीफॉल्ट," ते पुटपुटले. "त्याने बघितलंसुद्धा नाही तर. माझ्या लक्षातच आलं नाही गो. हात गेला."

"का, सर?"

"दर्शनासाठी असं समजून आली असशील." त्यांनी मान हलवली. "तेवढंच असतं तर ठीक होतं. जनरेटर सुरू होत नव्हता तेव्हा ती फोनवर माझ्याशी बोलत होती. मी इथे, या ओटीवर. मी तिला सांगत होतो, हा नॉब फिरव, तो चोक ओढ. मधेच म्हणाली, बाबा, सेट वाजतोय वाटतं, मी आत जाते. मी म्हटलं, थांब, आधी जनरेटर. बॅटरी उतरली तर सेटच बंद पडेल. मी म्हटलं, थांब. तिने माझं ऐकलं. ती नेहमीच ऐकते."

सकिना अजून उभीच होती. सरांनी प्रथमच तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले.

"दुसऱ्या दिवशी मी ऐकलं. सगळं. जनरेटर लागला, त्याच्या जरा आधी हाक थांबली. ती आत गेली असती तर बोट पाठवता आली असती. मला शिक्षा करा. पोलिसांत चला, मी येतो. फक्त दर्शनाला सांगू नका. ती उभी राहणार नाही यातून."

राही तोंड फिरवून कलमांकडे बघत राहिली.

"मी नाही सांगणार," सकिना म्हणाली. "तुम्ही सांगाल. आज. ती सेटवर बसते. अजून बोटी जातात समुद्रात. तिच्या कानावर तिचा विश्वास हवा. तिला भास झाला नव्हता."

सरांचे जोडलेले हात मांडीवर पडले. त्यांनी मान हलवली, हो अशी.

मग सकिना खाली पायरीवर त्यांच्यासमोर बसली.

"आता मला सांगा. काय बोलला तो?"

"बाई..."

"तुम्ही ऐकलंय. दुसऱ्या कोणीच पुरतं ऐकलेलं नाही. सांगा."

सर बोलू लागले, हळू, एकेका शब्दावर थांबत. रत्नागिरी, रत्नागिरी. मी मुसा होडेकर बोलतो. इंजिनात पाणी शिरलंय. बोट कलंडतेय. आम्ही फार लांब नाही, दीपगृहाचा उजेड दिसतोय. माझ्याबरोबर चार जण आहेत, त्यातल्या दोघांना पोहता येत नाही. रत्नागिरी, ऐकताय का? दोघांना पोहता येत नाही. कोणी आहे का तिथे?

"मग?"

"मग तेच. परत परत. शेवटी नुसतं रत्नागिरी, रत्नागिरी."

"घाबरला होता?"

"आधी नव्हता. नंतर होता."

सकिनाने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "माझं नाव घेतलं का त्याने? बाजी म्हणाला का, एकदा तरी?"

सर थांबले. राही वळली. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिला स्पष्ट दिसत होतं. एक शब्द, फक्त 'हो'. कोणालाही कधीच कळलं नसतं. समोरची बाई तो शब्द घेऊन उरलेलं आयुष्य काढू शकली असती.

"नाही," सर म्हणाले. "नाही घेतलं."

सकिना हळूच मागे टेकली. तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि तिने ते पुसले नाहीत.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

सरांनी पुन्हा सुरुवात केली.